दुसरा फोन

एक वाजून गेला तरी बाटलीमामांचा पत्ता नव्हता, आणि ते आल्याशिवाय नाना केकला सुरी लावू देईनात.

“छत्तीस वर्षं माझ्या हाताखाली काढली त्याने,” नाना म्हणाले. “एकदाच उशिरा आला, तोही स्वतःच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवशी. अजून पाच मिनिटं थांबा.”

ही पाच मिनिटं तिसऱ्यांदा सुरू झाली होती. नानांच्या प्रयोगशाळेत पाण्याच्या नमुन्यांच्या बाटल्या धुणं, उकळणं आणि बुचं लावून ठेवणं हे मामांचं काम. खरं नाव पगारपत्रकापुरतं उरलं होतं. नाना निवृत्त झाले, चार वर्षांनी मामाही झाले, पण नानांच्या वाढदिवसाला ते न चुकता यायचे आणि वहिनीच्या स्वयंपाकघरातला एखादा ग्लास उजेडात धरून “सूनबाई, हा कोणी धुतला?” असं विचारून तिला छळायचे. आज तर ऐंशीवा वाढदिवस होता.

टेबलावर सहा ताटं होती, पाच माणसं होती आणि बोलणारी तीनच. नानांच्या मुलीने, ताईने, दादाशी म्हणजे थोरल्या भावाशी बोलणं टाकलं त्याला दोन महिने झाले होते. दादाला बाकी सगळे डॉक्टरच म्हणत. मिठाची बरणी डॉक्टरांच्या कोपराशी असली तरी ती म्हणायची, “वहिनी, मीठ इकडे पाठवायला सांगा.” आणि वहिनी बिचारी नवऱ्याकडे बघून म्हणायची, “अहो, मीठ.” डॉक्टर बरणी सरकवायचे. सगळ्या राज्याच्या आरोग्याची घडी बसवायला निघालेल्या माणसाला घरातली मिठाची बरणी थेट देता येत नव्हती.

भांडण विधेयकाचं होतं. बारा वर्षांपूर्वी डॉक्टर नुसते डॉक्टर होते तेव्हा त्यांच्या वॉर्डात एका विहिरीच्या पाण्याने अकरा मुलं गेली. पाणी खराब आहे हे पाच सरकारी कार्यालयांना माहीत होतं, आणि विहीर कोणी बंद करायची यावर पाचही कार्यालयं एकमेकांना पत्रं लिहीत होती. एक ना धड, भाराभर चिंध्या. त्या रागाने डॉक्टर निवडणुकीला उभे राहिले, निवडून आले, आणि पाचांचं मिळून एक खातं करायचं विधेयक त्यांनी अक्षर न अक्षर स्वतः लिहिलं. उद्या, सोमवारी, त्यावर शेवटचं मतदान होतं. इथपर्यंत ताईही त्यांच्या बाजूने होती. ती बिथरली कलम चौदावर: खात्याचं तोंड एकच राहील, ते म्हणजे संचालक, खालच्या कोणीही बाहेर परस्पर काही कळवायचं नाही.

हे कलम म्हणजे नानांच्या प्रयोगशाळेची मान मुरगळणं होतं. तिथे चाळीस वर्षं एकच रीत चालत आली होती. नमुना खराब निघाला की ज्याने तो पाहिला त्याने त्याच क्षणी उठून पाणीपुरवठ्याला फोन करायचा. कागद नंतर. आणि बरोबर एका तासाने पुन्हा फोन करून विचारायचं, “बंद झालं का?” पहिला फोन सांगायला, दुसरा खात्री करायला. नाना पहिल्या फोनाचं कधी कौतुक करायचे नाहीत. दुसरा राहिला तर मात्र माणसाला दिवसभर उभं करायचे.

आता प्रयोगशाळेची प्रमुख ताई होती. नव्या रचनेची चाचणी म्हणून या महिन्याच्या एक तारखेपासून याच जिल्ह्यात कलम चौदा लागू झालं होतं. आणि नानांनी? नानांनी विधेयकाला पाठिंब्याचं पत्र दिलं होतं, ते सभागृहात वाचून दाखवलं गेलं होतं, सदस्यांनी बाकं वाजवली होती. ताईला दादाच्या कलमापेक्षा बापाचं ते पत्र जास्त लागलं होतं.

“फोन तरी करून बघा मामांना,” वहिनी म्हणाली. “हे असं गार ताटांसमोर बसण्यापेक्षा.”

ताईने फोन लावला आणि सवयीने मोठ्या आवाजावर ठेवला. मामांच्या सुनेने उचलला.

“अगं, मामा निघाले का?”

“ताई, कसले निघताहेत. सरकारी दवाखान्यात आहेत ते. परवा रात्रीपासून उलट्या आणि जुलाब. काल सलाईन लावलंय.”

नाना पुढे झुकले. “आणि मला सांगितलं नाही?”

“तेच नको म्हणाले, नाना. वाढदिवस आहे म्हणाले. आणि एकटे नाहीत हो ते, आमच्या अख्ख्या गल्लीत हेच चाललंय. बावीस जण आहेत वॉर्डात. दवाखान्याने म्हणे काल वर कळवलंय. वर म्हणजे कुठे, ते मला नाही माहीत.”

ताईचा चेहरा उतरला. “तुमची गल्ली टाकीखालची ना? पाणी कुठलं पिताय?”

“नळाचं. दुसरं कुठलं पिणार?”

“नळाला पाणी आहे?”

“आहे की. आत्ताच पिंप भरलं.”

“ओतून दे ते. सगळ्यांना सांग. थेंबही पिऊ नका, मी परत फोन करते.” ताईने फोन ठेवला आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा भावाच्या डोळ्यांत बघून बोलली. “शुक्रवारी तुला कळवलं होतं मी.”

“काय कळवलं होतंस?”

“टाकीखालचा गुरुवारचा नमुना. तपासणीची प्लेट जंतूंनी भरून गेली होती. संचालकांच्या कार्यालयाला तुझ्या नियमाप्रमाणे अहवाल पाठवला, तिथे शुक्रवारी दुपारी चारला कोण असतं ते तुलाही माहीत आहे, म्हणून तुला मेसेज केला. पाणी आजच्या आज बंद करायला सांग, असं लिहिलं होतं. आणि तुझं उत्तर आलं. ‘कळवलंय. काळजी नको.’ ”

“मी असं काहीही लिहिलेलं नाही.”

“हे बघ. तुझाच नंबर आहे.”

डॉक्टरांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. फोन त्यांच्याकडे नव्हताच. अधिवेशन सुरू झाल्यापासून तो धाकट्या भावाकडे असायचा. हा धाकटा पंचेचाळिशीला टेकला होता, डॉक्टरांचा स्वीय सचिव म्हणून सभागृहात वचक ठेवून होता, आणि घरात अजून बाळच होता.

बाळने पाण्याचा ग्लास उचलला, मग काय आठवलं कोण जाणे, खाली ठेवला.

वहिनीला शुक्रवार जसाच्या तसा आठवला. नवरा समितीच्या बैठकीत, ती बाहेरच्या सोफ्यावर त्याचा डबा घेऊन, आणि शेजारी बाळ दोन्ही हातांत एकेक फोन धरून. एक फोन वाजला. बाळने वाचलं, भुवई वर केली, थोडा वेळ खिडकीकडे बघत बसला आणि टाइप केलं. “कोणाचं रे?” तिने विचारलं होतं. “कोणाचं नाही, रोजचंच,” तो म्हणाला होता. सासूबाई गेल्या तेव्हा बाळ नऊ वर्षांचा होता. त्याची दप्तरं, त्याचे ताप, त्याची पहिली खोटी सही, सगळं तिने पदराखाली घातलं होतं. तो खोटं बोलला की डाव्या कानाची पाळी चोळतो, हे या घरात तिच्या एकटीला माहीत होतं. शुक्रवारी त्याने ती चोळली होती, आणि तिने बघून न बघितल्यासारखं केलं होतं.

“बाळ,” वहिनी म्हणाली, “फोन दे यांचा.”

“वहिनी, आधी ऐकून तरी घे—”

“फोन दे म्हणते ना!”

हा आवाज बाळने उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता. त्याने फोन टेबलावर ठेवला.

डॉक्टरांनी मेसेज वाचायला वेळ घालवला नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणता येईल. त्यांनी सरळ पाणीपुरवठ्याच्या पंपावर फोन लावला. रविवारचा ड्यूटीवाला काहीतरी चावत बोलत होता.

“मी डॉक्टर बोलतोय. सभागृहाचा सदस्य. टाकीखालच्या भागाचा व्हॉल्व्ह आत्ताच्या आत्ता बंद करा.”

“पत्र आलंय का साहेब?”

“पत्र येईल. आधी बंद करा.”

“असं नाही ना चालत आता. एक तारखेपासून संचालकांच्या पत्राशिवाय व्हॉल्व्हला हात लावायचा नाही. भिंतीवरच लावलंय, वाचून दाखवू? ‘डॉक्टरांच्या समितीच्या शिफारशीनुसार’...” तो थबकला. “ते डॉक्टर तुम्हीच का?”

ताईने डॉक्टरांच्या हातातून फोन काढून घेतला.

“मी प्रयोगशाळेतून बोलतेय. टाकीखालचा नमुना खराब आहे.”

चावणं थांबलं. “ताई, तुम्ही? कधीचा नमुना?”

“गुरुवारचा.”

“आज रविवार आहे, ताई.”

“माहीत आहे मला.”

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. “जातो. बंद करतो. मला विचारलं तर काय सांगू?”

“माझं नाव सांग. मी परस्पर कळवलं म्हणून सांग. एका तासाने पुन्हा फोन करते.”

एक वाजून वीस मिनिटं झाली होती. नानांनी मनगटावरचं घड्याळ काढून केकशेजारी ठेवलं. या घरात सगळ्यांना त्याचा अर्थ कळत होता. तास संपेपर्यंत कोणी उठणार नव्हतं.

“आता बोल,” डॉक्टर बाळला म्हणाले.

बाळच्या मते त्याचं फारसं काही चुकलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर इथेच त्याचा जास्त राग येतो. त्याने बारा वर्षं भावासाठी घासली होती. विधेयकासाठी एकेक सदस्य त्याने चहा पाजून, त्यांच्या मुलांच्या लग्नांना हजेरी लावून गोळा केला होता. शुक्रवारी सकाळी दोन सदस्य डळमळीत होते, चाचणीच्या जिल्ह्यात काही गडबड तर नाही ना, असं विचारत होते. आणि दुपारी ताईचा मेसेज आला.

“एक नमुना होता, दादा. एक! ताई स्वतः म्हणते, एका नमुन्यावर निष्कर्ष काढू नये. मी संचालकांना म्हटलं, सोमवारी दुसरा घेऊ. मी नाही म्हणालो नव्हतो, सोमवार म्हणालो होतो. शनिवारी पाणी बंद म्हणजे रविवारी बातमी, आणि सोमवारी दोन मतं गेली म्हणून समजायचं. बारा वर्षं पाण्यात.”

“एका नमुन्यावर अहवाल छापू नये म्हणते मी,” ताई म्हणाली. “व्हॉल्व्ह बंद करायला एक पुरतो. बंद केलेला व्हॉल्व्ह उघडता येतो रे. मामांचं काय उघडणार आहेस तू?”

“मला काय माहीत मामा तिथे राहतात!”

हे बोलल्याबरोबर आपण काय बोललो ते बाळला कळलं, पण तोवर उशीर झाला होता.

“म्हणजे मामा नसते तर चाललं असतं?” वहिनीने हळूच विचारलं. “बाकीचे एकवीस चालले असते?” आणि इतकी वर्षं बाळच्या शेजारी असलेली तिची खुर्ची तिने उचलली आणि ताईच्या बाजूला नेऊन ठेवली.

डॉक्टरांचा हात टेबलावर आपटला. “माझ्या नावाने खोटं लिहिलंस तू! माझ्या फोनवरून! लाज नाही वाटली?”

“त्याच्यावर काय ओरडतोस?” ताई उसळली. “एवढंच सोपं असतं तर मीही दोन थोबाडीत देऊन मोकळी झाले असते. तोंड एकच ठेवायचं, हे कोणी लिहिलं? त्याने? दोन महिन्यांपूर्वी याच टेबलावर मी ओरडून सांगत होते, चाळीस माणसांच्या हातात फोन असला तर चाळीस जणांना गप्प करावं लागतं. तू एकच तोंड ठेवलंस, आणि ते झाकायला बाळचा एक हात पुरला. तेव्हा काय म्हणाला होतास मला? ‘तुला तुझी खुर्ची जायची भीती वाटतेय.’ ”

“ते चुकलं माझं.”

“चुकलं! वरातीमागून घोडं!”

डॉक्टरांनी कपाळ धरलं. त्यांच्या डोळ्यांसमोर तो जुना वॉर्ड होता. तिथे त्यांनी पाच कार्यालयांना शिव्या घातल्या होत्या, पाणी खराब आहे हे माहीत असून तुम्ही गप्प कसे बसलात म्हणून. ती कार्यालयं निदान पत्रं तरी लिहीत होती.

“पण एक गोष्ट मला कळत नाही,” ते सावकाश म्हणाले. “तू दुसरा फोन केला नाहीस?”

विचारू नये तो प्रश्न त्यांनी विचारला होता, आणि तो विचारायचा त्यांना काही अधिकार नव्हता, पण प्रश्न खरा होता. शुक्रवारी पाचला ताईने फोन हातात घेतला होता. नंबरही काढला होता. मग मनात आलं, याचा आवाज ऐकायचा, हा म्हणणार ‘बोल ताई’, जसं काही घडलंच नाही. दादा कसाही असला तरी कळवलंय म्हणाला म्हणजे कळवलं असणार. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि घरी गेली.

“नाही केला,” ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुझ्याशी बोलायचं नव्हतं मला. परका कोणी असता तर केला असता. दहा वेळा केला असता.”

“मीही नाही केला,” नाना म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

“ते पत्र. पाठिंब्याचं. कलम चौदा मी वाचलं नव्हतं.” नाना केकवरच्या आठ आणि शून्याकडे बघत होते. “जन्मभर दुसऱ्याने धुतलेली बाटलीसुद्धा हुंगून बघितली मी. आणि मुलाने लिहिलंय म्हणून न वाचता सही केली. ही म्हणत होती, नाना, वाचा. मला वाटलं, बहीण-भावाचं भांडण आहे.” त्यांनी मान वर केली. “उद्या सभागृहात सांग, ते पत्र मी परत घेतलं.”

“नाना, तुमचं पत्र गेलं तर विधेयकच पडेल,” बाळ म्हणाला. त्याचा आवाज चिरकला होता. “दादा, माझं जे करायचं ते कर. मी राजीनामा देतो. पण उद्या आहे तसं मंजूर होऊ दे. कलम पुढच्या अधिवेशनात बदल. उद्या बदल मांडलास तर ते दोघं उठून जातील, मग ना एक खातं ना काही. पुन्हा तीच पाच कार्यालयं, तीच पत्रं. तेलही गेलं, तूपही गेलं. तुझी अकरा मुलं आठव.”

हे शेवटचं वाक्य बोलायला नको होतं. पण त्यात तथ्य नव्हतं असंही नाही, आणि डॉक्टरांना तेच छळत होतं. बारा वर्षं एका बाजूला होती. पुढचं अधिवेशन चार महिन्यांनी. चार महिने कलम चौदा अख्ख्या राज्यात लागू राहणार, प्रत्येक टाकीवर, आणि प्रत्येक संचालकाच्या शेजारी एखादा बाळ बसलेला असणार, मनाने चांगला, कष्टाळू, सोमवारपर्यंत थांबा म्हणणारा. भाजीवर साय धरल्यासारखा थर आला होता.

दोन वीसला ताईने फोन लावला.

“बंद झालं का?”

“बंद आहे, ताई. मी स्वतः फिरवलाय. टँकर निघालेत दोन. गल्लीत माणूसही पाठवलाय सांगायला.”

“किती वाजता बंद केलास?”

“एक एकतीस.”

ताईने केकच्या खोक्याच्या झाकणावर वेळ लिहिली. मग नाना म्हणाले, “आता माझा फोन,” आणि मामांच्या सुनेचा नंबर लावायला सांगितला. ती वॉर्डातच होती. तिने फोन मामांच्या कानाशी धरला. आवाज ओळखू येत नव्हता इतका बारीक झाला होता.

“नाना, ऐंशी पुरी झाली म्हणायची.”

“तू आधी बरा हो. तिथले डॉक्टर काय म्हणतात?”

“म्हणतात धोका टळला. शेजारच्या म्हातारीचं काही खरं नाही.” मामा दम घ्यायला थांबले. “नाना, एक विचारू? आमची सून म्हणाली, पंपावरचा माणूस गल्लीत सांगत होता, ताईंना नमुना खराब आला होता गुरुवारी. मग पाणी का नाही बंद झालं? बाटलीवर संशय आला का? नवीन पोरं बाटल्या नीट उकळत नाहीत. बाटलीमुळे राहिलं का?”

टेबलाभोवती कोणी कोणाकडे बघेना. चाळीस वर्षं बाटल्या धुतलेला माणूस सलाईन लावून पडला होता आणि खोट आपल्याच कामात शोधत होता.

“नाही रे,” नाना म्हणाले. “बाटली स्वच्छ होती. घाण माझ्या घरात होती.”

फोन ठेवल्यावर डॉक्टर उठले, कपाटातून विधेयकाची प्रत घेऊन आले आणि कलम चौदावर आडवी रेघ मारली. इतकी जोरात, की कागद फाटला. खाली जागा नव्हती म्हणून त्यांनी पान उलटलं आणि लिहायला लागले.

“पडेल,” बाळ पुटपुटला.

“पडू दे. पडलं तर पुन्हा लिहीन. सकाळी हा बदल मांडणार, आणि का मांडतोय तेही सांगणार. शुक्रवार ते रविवार, सगळं.”

बाळच्या डाव्या कानाची पाळी चोळून लाल झाली होती. “माझं नाव घेणार?”

“नाही. फोन माझा होता. नाव माझंच येणार.” डॉक्टर लिहिता लिहिता थांबले. “तू सकाळी त्या वॉर्डात जायचंस. बावीस जणांसमोर उभं राहून सांगायचं, सोमवारपर्यंत थांबा कोण म्हणालं होतं ते. मामांपासून सुरुवात कर.”

बाळने वहिनीकडे पाहिलं. वहिनी त्याच्यासाठी काहीही बोलली नाही.

डॉक्टरांनी कागद ताईपुढे धरला. मध्ये कोणाला घातलं नाही. ताईने चष्मा लावला आणि पहिल्या शब्दापासून वाचलं, बोट ठेवून, एकेक ओळ. ‘नमुना दूषित आढळल्यास, ज्याने तो तपासला त्या कर्मचाऱ्याने, कोणाच्याही परवानगीची वाट न पाहता, तत्काळ पाणीपुरवठ्यास थेट कळवावे.’ नाना श्वास रोखून तिच्याकडे बघत होते. तिने वाचून संपवलं, परत पहिल्यापासून वाचलं, आणि कागद भावाकडे सरकवला.

“हा पहिला फोन झाला,” ती म्हणाली. “दुसरा कुठाय?”

डॉक्टरांनी पेनचं टोपण पुन्हा काढलं.